कुंडीत पाणी कोण घालतं

काष्टी,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय आलिया आपा,

सलाम. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. झाड जिवंत आहे. गेल्या महिन्यात तू दोनदा फोटो मागितलास आणि मी दोन्ही वेळा ‘उद्या पाठवतो’ असं लिहिलं, तेव्हा तुला शंका आली असणारच. झाड आजारी होतं, आणि आजाऱ्याचा फोटो पाठवू नये असं मला वाटलं. तुझ्या तिकडच्या रोपवाटिकेत हजारो रोपं असतील, त्यातलं एखादं गेलं तर कुणी जेवण सोडत नसेल. इथे ते एकच आहे. फोनवर सांगायला गेलो असतो तर मी नेहमीसारखा गडबडलो असतो, मधलं आधी आणि आधीचं शेवटी सांगितलं असतं. म्हणून लिहितो आहे. घरात जे बोलणं झालं तेही मराठीतच लिहितो, कारण मला लिहिता येते ती हीच भाषा, तीही तू ऱ्हस्व-दीर्घ घोटून घेतलंस म्हणून. कोण कसं म्हणालं असेल ते तुला आवाजासकट ऐकू येईलच.

तू बेलापूरचं ठरलेलं लग्न मोडून बेंगळुरूला नोकरीवर गेलीस, त्या दिवशी अब्बांनी सांगितलं की या घरात तिचं नाव निघायचं नाही. ते अजून निघालेलं नाही. तुझी पुस्तकं अम्मीनं पेटीत घातली. पदविका घेतानाचा तुझा फोटो भिंतीवरून उतरला आणि तिथे आता एका खतवाल्याचं कॅलेंडर आहे. कुंडी तेवढी राहिली. ती अंगणात नळापाशी होती आणि नंतर तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नसावं, असा माझा समज होता. मला रोज भीती वाटायची की हे झाड मेलं तर अब्बा कुंडी पालथी करून कोपऱ्यात ठेवतील, आणि मग तू परत यावंस म्हणून या घरात धरून ठेवायला एवढीशी जागाही उरणार नाही. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. पण तू मला ओळखतेस. दुकानाचं कुलूप लावल्यावर चौकातून परत जाऊन ते ओढून बघणारा माणूस मी.

तू जाताना एसटीच्या खिडकीतून सांगितलंस ते सगळं मी करत आलो. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारी सावली. पाणी पानांवर न घालता बुडाशी घालायचं, आणि तेही बोट पेरभर आत घालून माती कोरडी लागली तरच. दाटी झाली की मधले दांडे कापायचे, हवा खेळली की भुरी येत नाही. भुरी हा शब्द तू उच्चारलास तेव्हा मला हसू आलं होतं. द्राक्षबागेचा रोग आपल्या अंगणातल्या कुंडीला कशाला येईल, असं वाटलं होतं. पण पावसाळ्यानंतर खरंच पानांवर पीठ सांडल्यासारखं दिसलं. मी कात्री घेऊन बसलो, निम्मे दांडे काढले, आणि आठवड्याभरात पानं स्वच्छ झाली. त्या दिवशी माझी छाती फुगली होती. सांगायला कुणी नव्हतं, तेव्हा दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका जळालेल्या मोटरीलाच सांगितलं.

मला त्या झाडाबद्दल सारखे प्रश्न पडतात. पूर्वी पडत नव्हते. त्याचा दांडा गोल नाही, चौकोनी आहे, हे तुला माहीत असणारच. मला ते कात्री लावताना कळलं. दिवसभर तांब्याची तार बोटांतून सरकवणाऱ्या माणसाला कडा लगेच लागतात. मग मी शेजारच्या लंकाबाईंच्या दारातली तुळस चिमटीत धरून पाहिली, तीही चौकोनी. अम्मीचा पुदिना, तोही. म्हणजे हे सगळे एका घरातले असणार. पण चौकोनीच का? गोल सोपं नाही का? आणि वास असा, की हाताला वार्निश लागलेलं असलं तरी त्याच्यावर चढून बसतो. लंकाबाई म्हणतात हे ओव्याचं झाड आहे. अम्मी म्हणते परदेशी पुदिना. तू शिकवलंस म्हणून मी प्रत्येकाला ‘बीबाम’ असं नीट सांगतो, आणि प्रत्येक जण मान डोलावून आपलंच नाव चालू ठेवतो.

गेल्या मार्चमध्ये फुलं आली तेव्हा तुला फोटो पाठवला होता, पण फोटोत न येणारं राहून गेलं. ते फूल म्हणजे झोपेतून उठलेल्या पोरीचे केस, सगळीकडे लाल आणि कुठेच भांग नाही. पहिल्या दिवशी कारभारी आण्णांच्या लिंबाच्या बागेकडून मधमाश्या आल्या. त्यांना पत्ता कुणी दिला? मधे एवढा बाजारतळ आहे, गुरांची गर्दी आहे, चहाच्या टपऱ्या आहेत. तिसऱ्या दिवशी एक पक्षी आला, अंगठ्याएवढा, चोच वाकडी, मान उन्हात जांभळी चमकणारी. त्याला शिंजीर म्हणतात हे मी मोबाइलवर शोधलं. तो फुलावर बसायचा आणि अख्खा दांडा झुकायचा, तरी सोडायचा नाही. अब्बा तेव्हा खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पान बराच वेळ उलटलंही नाही. ही गोष्ट मी तेव्हा पाहिली आणि विसरून गेलो. तारा मोजायच्या सवयीमुळे मी बारीकसारीक बघतो, पण त्याचा अर्थ मात्र फार उशिरा लावतो.

आता आजाराबद्दल. डिसेंबरात, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता त्या दिवसांत, झाडाची खालची पानं पिवळी पडू लागली. मग दुपारी ते मान टाकू लागलं. मला वाटलं पाणी कमी पडतंय. कारभारी आण्णा पाण्यातली मोटर दुरुस्तीला घेऊन आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “आरं, पानी दे की! पान्यावाचून काय झालंय का आजवर? कालव्याचं आवर्तन सुटलं की आमी उसाला रात्रंदिस पाजतो. पाजायचं, मागंफुडं बघायचं न्हाई.” आपल्या भागात माणसाला ताप आला तरी कुणी पाणीच सोडायला सांगेल. पण मी मातीत बोट घातलं तर ते चिखलातून काढल्यासारखं बाहेर आलं. मी दोन दिवस पाणी घातलेलं नव्हतं. मग माती ओली कशी?

मी पाणी पूर्ण बंद केलं. तीन दिवसांनी बघितलं, तर माती तशीच, उलट जास्त ओली. आपा, मला इतकं नवल वाटलं की काळजी करायचं राहून गेलं. मी कुंडीच्या खालचं भोक तारेनं मोकळं केलं. कुंडी विटांवर चढवली. नळ गळतोय का म्हणून त्याच्याखाली कोरडं फडकं ठेवलं, ते कोरडंच राहिलं. एका सकाळी तर मी दवाचाही संशय घेतला. मग मला वाटलं, हे आपल्याच धंद्यातलं काम आहे. मोटरीत कुठेतरी करंटचं लीकेज असतं तेव्हा अब्बा काय करतात? सगळं खोलत बसत नाहीत. एकेक लाइन सोडवतात, आणि जी सोडवल्यावर तपासणीचा दिवा विझतो ती चोर. मला घरातल्या माणसांच्या लाइनी सोडवायच्या होत्या. हे मनात येताच मला स्वतःचीच लाज वाटली, तरी मी ते केलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जातो म्हणून निघालो आणि जिन्याच्या आडोशाला थांबलो. थोड्या वेळानं अम्मी हातात पातेलं घेऊन बाहेर आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तांदूळ धुतलेलं पांढरं पाणी सगळं कुंडीत ओतलं. ओतताना काहीतरी पुटपुटली. मी पुढे झालो तर पातेलं पाठीमागे लपवून म्हणाली, “मी कुठं पाणी घालतेय? तांदळाचं पाणी टाकायला जागा नव्हती.” मोरी तिच्यापासून दोन हातांवर होती. मी मोरीकडे बघितलं. तिनंही मोरीकडे बघितलं. मग म्हणाली, “पांढऱ्या पाण्यात ताकद असते. अंगात काही नाही त्याच्या, बघ किती बारीक झालंय. खाण्यापिण्याचं कोण बघत असेल...” आणि वाक्य अर्धं सोडून आत गेली. खाण्यापिण्याचं कुणाच्या, ते मी विचारलं नाही. आपली अम्मी पातेलं घासताना इतका आवाज कधी करत नाही.

मी तिला समजावलं की मुळं गुदमरतात, मुळांनाही श्वास लागतो. ती म्हणाली, “बरं बाबा, एक थेंब नाही घालणार.” आणि तिनं शब्द पाळला, मी पातेल्यावर लक्ष ठेवलं होतं. तरी कुंडी ओलीच. म्हणजे दिवा अजून जळत होता.

दुसरी लाइन भिंतीपलीकडे निघाली. दुपारी जेवायला आलो तर बुटक्या भिंतीवरून एक हात आला, हातात तांब्या, आणि तांब्यातून सरळ धार, नेम इतका पक्का की एक थेंब बाहेर नाही. मी म्हणालो, लंकाबाई, हे काय? त्या डोकं वर काढून माझ्यावरच उलटल्या. “काय म्हंजी? झाड वाळाय लागलंय दिसंना का तुला? पोरगी गेली म्हून तिच्या झाडाला उपाशी मारता व्हय रं? तिनं माझा कडीपत्ता वाचवला हुता, तवा तू नाक पुसत हिंडत हुतास. आन तुमच्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी. माझ्या घरात न्हाई! आलिया, आलिया, आलिया. घे, झालं काय?” आपा, अंगणात तुझं नाव तीनदा मोठ्यानं उच्चारलं गेलं. मी घाबरून घराकडे बघितलं. आत पातेल्याचा आवाज थांबला होता. लंकाबाईंना मुळांचा श्वास पटला नाही. शेवटी मी सांगितलं की तूच मला कमी पाणी घालायला सांगून गेली आहेस. तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग आधी न्हाई का सांगायचं, येड्या,” आणि तांब्या घेऊन खाली बसल्या.

दोन्ही लाइनी सुटल्या. मी कुंडी नळापासून हलवून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली, म्हणजे चुकूनही कुणाचा हात लागू नये. दोन दिवसांनी मातीत काडी खोचली. वर काढली तर ओली, तिला माती चिकटलेली. आता घरात दोनच माणसं उरली होती, एक मी. मी स्वतःवरही संशय घेतला, खोटं सांगत नाही. झोपेत उठून घालतोय की काय, असंही वाटून गेलं.

अब्बांचं माझ्या मनात येत नव्हतं याचं कारण तुला सांगायला नको. ज्या दिवशी तू गेलीस त्या दिवशी ते म्हणाले होते, ते रोपटंही काढून टाका. कुणी काढलं नाही आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही, एवढंच. पण संध्याकाळी मगरिबच्या वेळी मी मागच्या दारातून आत येत होतो तेव्हा ते नळापाशी हात-तोंड धुऊन नमाजाची वजू करत होते. आपला तो तोटीचा लोटा. अब्बा पाणी किती जपून वापरतात ते तुला माहीत आहे. नेहमी लोटा अर्धाच भरतात. त्या दिवशी तो काठोकाठ होता. वजू झाली तेव्हा लोट्यात निम्म्याहून जास्त पाणी उरलं होतं. ते घेऊन ते जिन्याकडे गेले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि अगदी हळू, बुडाशी, गोल फिरवत पाणी घातलं, पानांवर एक थेंब पडू दिला नाही. ही पद्धत त्यांना कुणी सांगितली? तू मला सांगताना एसटी सुरू झाली होती, आणि स्टँडवर माझ्यामागे कुणी उभं होतं का, ते मी बघितलं नव्हतं. हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मग त्यांनी एक पिवळं पान खुडलं, चिमटीत चुरगळलं, बोटं नाकाशी नेली, आणि टोपी सारखी करत नमाजाला गेले.

पुढचे दोन दिवस मी फक्त पाहत राहिलो. घरी असले की प्रत्येक वजूला लोटा काठोकाठ. पहाटेचा एक, मगरिबचा एक, रात्री इशाचा एक. दुपारच्या जुहर आणि असर या नमाजा ते दुकानाजवळच्या मशिदीत पढतात म्हणून झाड एवढे दिवस तरी टिकलं.

आता माझी पंचाईत समजून घे. सांगावं तर अब्बांना कळेल की मी त्यांना पाहिलं. ज्या माणसानं सगळ्या घराला एक हुकूम दिला आहे, त्याला तो स्वतः कसा पाळत नाही हे मुलानं तोंडावर सांगायचं? ते चिडतील, आणि चिडले तर त्याच हातानं कुंडी उचलून फेकतील. न सांगावं तर मुळं कुजतील. म्हणजे त्यांच्या रागानं मरेल किंवा त्यांच्या पाण्यानं. मी दुकानात कॉइल भरताना मोजणी चुकू लागलो. अब्बा म्हणाले, “लक्ष कुठंय तुझं?” मी म्हणालो, कुठे नाही. ते खोटं होतं आणि ते दोघांनाही कळलं.

शेवटी मी भित्र्या माणसाचा मार्ग काढला. कुंडी उचलून वर स्लॅबवर नेऊन ठेवली. अब्बांचे गुडघे, जिना त्यांना चढवत नाही. मला वाटलं कुणाला काही बोलावं लागणार नाही आणि माती वाळेल. संध्याकाळी ते लोटा घेऊन जिन्यापाशी आले आणि थांबले. पायरी रिकामी. नळाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. विचारलं मात्र कुणालाच नाही, विचारणार तरी कसं? हातात तेवढं पाणी घेऊन ते अंगणात उभे होते, ते कुठे ओतावं हे त्यांना समजत नव्हतं. नमाजाची वेळ निघून चालली होती. मग त्यांनी ते पाणी परत बादलीत ओतलं. आपा, बादलीत पाणी पडल्याचा तो आवाज मला सहन झाला नाही. दुसऱ्या सकाळी मी कुंडी खाली आणली आणि कुणी न विचारताच मोठ्यानं म्हणालो की वर वारा फार लागतो.

पण आता काहीतरी करणं भाग होतं. रविवारी मी अंगणात पोतं पसरलं आणि झाड कुंडीतून बाहेर काढलं. वास आला, साचलेल्या नालीचा. मधली मुळं काळी, दाबली की सालीसारखी सुटून येणारी. मधले दांडे गेलेलेच होते. पण कडेला, कुंडीच्या काठाला चिकटून, पांढरी मुळं होती आणि त्यांना हरभऱ्याएवढे कोंब. मधून मेलं होतं आणि कडेनं जगत होतं. असं का करतं ते? जुनी जागा सोडून बाहेर सरकायचं त्याला आधीपासूनच माहीत असतं का? काळं सगळं कापलं. चाळलेली वाळू आणि शेणखत मिसळून माती भुसभुशीत केली, नव्या कुंडीला जास्तीची भोकं पाडली आणि कडेचे तुकडे लावले. अम्मी दारात उभी होती, लंकाबाई भिंतीवर, आणि अब्बा खाटेवर, पेपर उघडून.

लावून झालं आणि मी हात धुवायच्या आत भांडण सुरू झालं. लंकाबाई म्हणाल्या, “आता तरी वाईच पानी घाल, नवीन लावलंय.” अम्मी म्हणाली, “नुसतं पाणी नको, तांदळाचं घाल, थोडंसं.” मी म्हणालो कुणीच काही घालायचं नाही, तुमच्या सगळ्यांच्या पाण्यानंच ते मेलं होतं. लंकाबाई म्हणाल्या, “माझा एक तांब्या, त्यानं काय मरतंय?” अम्मी म्हणाली, “मी तर कधीच बंद केलं. माझं नाव नको.” दोघी एकमेकींवर घसरल्या, मग दोघी मिळून माझ्यावर, की हाच रोज पाजत असेल आणि आपल्यावर ढकलत असेल. मला खरा चोर माहीत होता आणि मी जमिनीकडे बघत होतो. बहुतेक माझं ते जमिनीकडे बघणंच अब्बांना असह्य झालं असावं. पेपरच्या मागून आवाज आला, “एवढ्याशा लोट्यानं काय होतंय!”

रस्त्यावरून ट्रॉली जात होती, तिचं गाणं तेवढं वाजत होतं. अम्मीनं ओढणीचा पदर तोंडावर धरला. मला वाटलं ती रडतेय. पण ती हसत होती आपा, खांदे हलवून, तू गेल्यापासून पहिल्यांदा. लंकाबाई म्हणाल्या, “आत्ता गं बया! दादा, तुमीबी व्हय?” अब्बांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. त्यांचे कान लाल झाले होते. मी वाट बघत होतो की आता ते उठतील आणि कुंडी फेकतील. ते उठले. कुंडीपाशी आले, वाकून ते हरभऱ्याएवढे कोंब बघितले. एका कोंबावर मातीचं ढेकूळ होतं, ते नखानं बाजूला केलं. मग दुकानाकडे निघून गेले, रविवार असूनही.

हे होऊन आठवडा झाला. कोंबांना आता दोन-दोन पानं आली आहेत, चुरगळलं तर तोच वास येतो, फोटो या पत्राच्या आधीच तुला मिळालेला असेल. आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. काल दुकानात अब्बा मोटरीचं झाकण बसवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्याला नक्की किती पाणी लागतं?” मला उत्तर पाठ आहे. माझ्या हातानं दहा वेळा करून झालेलं आहे. तरी मी म्हणालो, मला काही माहीत नाही, ज्याचं झाड त्यालाच ठाऊक. त्यांनी चार स्क्रू आवळले. सावकाश. मग म्हणाले, “मग विचार. पत्र लिही, फोनवर तू अर्धं विसरतोस.” मी बरं म्हणालो. आणखी दोन स्क्रू झाले. “आणि तिकडचं पाणी मानवलं का, तेही विचार.” मी विचारलं, झाडाला? तर म्हणाले, “झाड इथंच आहे, गाढवा.” म्हणून हे पत्र. मी तुला विचारलेलं आहे, माझं काम झालं. पण आपा, उत्तर मला कळवू नकोस. मी त्यांना सांगेन की मला काही समजलं नाही, तुम्हीच ऐकून घ्या. अब्बांचा नंबर तोच आहे. शुक्रवारी नमाजानंतर ते घरी असतात, फोन खाटेवर असतो, आणि वाजला तर उचलायला दुसरं कुणी जाणार नाही, एवढं मी बघतो.

तुझाच,
या झाडाबद्दल आजपासून काहीही माहीत नसलेला भाऊ,
फैयाज